शंभर टक, पन्नास सेंटीमीटर

गोगटे पहिल्यांदा आमच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा चहाआधी त्यांनी खिशातून ओळंबा काढला. भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला बांधून वजन सोडतात, तो ओळंबा. गोगट्यांचा पितळी होता, अंगठ्याएवढा, आणि इतरांच्या खिशात किल्ल्या असतात तसा तो त्यांच्या खिशात कायम असायचा. आमच्या बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात त्यांनी तो सोडला, डोलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली, पट्टी लावली आणि माझ्या बायकोला, नीलाला, म्हणाले, "वहिनी, तुमची भिंत अकरा मिलीमीटर बाहेर आहे."

नीला हातात पोह्यांची बशी घेऊन उभी. तिने घाबरून विचारलं, "मग आता काय करायचं?"

"काही नाही. माहीत असावं."

मग ते शांतपणे बसून पोहे खाऊ लागले. लिंबू मागून घेतलं. नीला मात्र त्या दिवसापासून त्या भिंतीला पाठ लावून बसली नाही, आणि पुढची सतरा वर्षं आम्ही त्याच घरात काढली.

गोगटे आमच्या बरोबर वर राहायचे, पहिल्या मजल्यावर. कारखान्यात ते स्टँडर्ड रूमचे प्रमुख होते. म्हणजे बाकीचा कारखाना ज्या मापांनी मोजायचा, ती मापं मोजायचं काम गोगट्यांचं. खोली सदैव वीस अंश तपमानावर ठेवलेली. बाहेर भोपाळचा मे महिना माणसं भाजून काढायचा आणि गोगटे आत स्वेटर घालून बसायचे. कारखान्याच्या कुठल्याही शॉपमधला मायक्रोमीटर त्यांच्याकडे गेला की हिरवी चिठ्ठी नाही तर लाल चिठ्ठी घेऊन परत यायचा. लाल चिठ्ठीवर अपील नव्हतं. एका जनरल मॅनेजरांनी एकदा फोन करून "जरा बघा ना, गोगटे, अंदाजे ठीकच असेल," असं सुचवलं होतं. गोगट्यांनी विचारलं, "अंदाजे म्हणजे किती, सर?" फोन ठेवला गेला. साहेब पुढे बदलून गेले, चिठ्ठी लालच राहिली.

हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नाही असं मला आठवत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मूर्तीचा पाट पाण्याच्या पातळीने सरळ करता करता मुहूर्त टळत आला, गुरुजी म्हणाले, "अहो, साधारण सरळ आहे." गोगटे पाटाखालून, पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "साधारण म्हणजे किती?" बिट्टन मार्केटमधल्या एका शिंप्याची कापडी टेप त्यांनी स्वतःच्या पोलादी पट्टीला लावून पाहिली. ती वापरून वापरून मीटरमागे नऊ मिलीमीटर ताणली गेली होती, आणि कापड मात्र तो लाकडी गजाने कापायचा. शिंपी म्हणाला, "साहब, बीस साल से इसी से नाप रहा हूँ." गोगटे म्हणाले, "तभी बीस साल से टाउनशिप की सब पँट ऊपर जा रही है." तो मास्टर पुढे त्यांना लांबून पाहिलं की दुपारच्या जेवणाला निघून जायचा. कधी कधी सकाळी दहा वाजताच.

आता तुम्ही म्हणाल, गमतीचा माणूस आहे. असेल. पण त्याच्या खाली राहणारा माणूस मी होतो, आणि मी मुळातच थकलेला माणूस आहे. ड्रॉइंग ऑफिसात आठवडाभर दुसऱ्यांच्या रेषा गिरवायच्या आणि रविवारी उशिरा उठायचं, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा होती. ती गोगट्यांनी पुरी होऊ दिली नाही. कारण होतं रायफल क्लब.

टाउनशिपचा रायफल क्लब निलगिरीच्या झाडांपलीकडे होता. एक मातीचा उंच बांध, एक सिमेंटचा ओटा, एक टिनाची शेड. गोगट्यांनी जन्मात एक गोळी झाडली नव्हती. आवाज त्यांना सहन होत नसे. तरीही ते क्लबातले सगळ्यात महत्त्वाचे गृहस्थ होते, कारण रायफलीवर बसवायची दुर्बीण तेच तपासायचे, आणि त्यांच्या चिठ्ठीशिवाय कोणतीही दुर्बीण क्लबातर्फे स्पर्धेला न्यायची नाही, असा नियम होता. नियमही त्यांनीच लिहिला होता.

तपासायचं काय, ते सांगतो. मला ते इतक्या वेळा सांगण्यात आलं आहे की झोपेतही सांगेन. अशा दुर्बिणीला वर एक घुंडी असते. लक्ष्य लांब असलं की गोळी खाली पडते, म्हणून ती घुंडी फिरवून आतली फुली सरकवायची. घुंडी फिरताना टक टक वाजते. आमच्या क्लबातल्या दुर्बिणींचा हिशेब असा, की पन्नास मीटरवर एका टकेला फुली अर्धा सेंटीमीटर सरकली पाहिजे. शंभर टक, पन्नास सेंटीमीटर. बनवणारा तसं छापून देतो. पण छापलेलं खरं असतंच असं नाही. एखाद्या दुर्बिणीत शंभर टक दिल्यावर फुली अठ्ठेचाळीसच सेंटीमीटर सरकते, मग नेमबाज बिचारा आपल्या श्वासाला, हाताला, नशिबाला दोष देत बसतो. "माणसाने उगाच स्वतःला दोष देऊ नये," गोगटे म्हणायचे. "आधी दुर्बीण तपासावी."

तर रविवारी सकाळी साडेसहाला ते वरून जिना उतरायचे. बेल वाजवायचे नाहीत. दारात उभे राहून फक्त म्हणायचे, "सामंत, हवा स्थिर आहे."

हवा स्थिर असली की मला जावं लागे. रायफल ओट्यावर लोखंडी शिकंज्यात आवळायची. तिचा बोल्ट, ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही तो, काढून गोगट्यांच्या खिशात, ओळंब्याशेजारी. समोर पन्नास मीटरवर सहा फुटी पांढरा फळा, त्यावर सेंटीमीटरच्या रेघा, आणि तो ओळंब्याने अगदी उभा केलेला. गोगटे दुर्बिणीला डोळा लावून घुंडी फिरवणार. मी फळ्यापाशी उभा राहून एक काळं कार्ड हळूहळू वर सरकवणार. कार्डाची कड फुलीला भिडली की गोगटे शिट्टी वाजवणार, मी आकडा वाचणार. बोल्ट त्यांच्या खिशात आहे हे मला ठाऊक असे. तरीही ज्या माणसाने तासभर रायफलीच्या नळीसमोर उभं राहून शिट्टीची वाट पाहिली आहे, त्यालाच माझा थकवा कळेल.

पण त्याआधी अंतर मोजायचं. दर वेळी नव्याने. मी एकदा म्हटलं, "गोगटेसाहेब, एकदा मोजून कायमची खुंटी ठोकून टाका ना."

"जमीन काळी आहे, सामंत. पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते. खुंटी ठोकली तिथे राहत नाही."

"किती सरकत असेल? अंदाजे..."

चूक माझी होती.

मोजायला शंभर मीटरची पोलादी टेप. टेपचं शून्य जिथे असतं, तिथे एक कडी असते. ती वाकते, झिजते, ओढून ओढून सैल होते. म्हणून स्टँडर्ड रूमची माणसं शून्य धरत नाहीत, एक मीटरचा, म्हणजे एकचा आकडा धरतात, आणि शेवटी आलेल्या मापातून तो एक वजा करतात. "टेपचं शून्य म्हाताऱ्याच्या दातासारखं," गोगटे म्हणायचे. "असतं, पण हलतं." ओट्यात एक खिळा होता. त्या खिळ्यावर टेपचा एकचा आकडा दाबून धरायचा, हे माझं काम. दुसरं टोक घेऊन गोगटे चालत जाणार, टेपला थर्मामीटर लावणार, उन्हाने टेप किती वाढली असेल त्याचा हिशेब करणार (तीन-चार मिलीमीटर निघायचा तो) आणि मग फळ्याच्या जागी खुंटी ठोकणार. मी तोवर उकिडवा बसून निलगिरीवरचे पोपट मोजायचो. माझं मापही त्यांना पसंत पडलं नसतं.

हे काम माझ्याकडे आलं ते सुमतीवहिनी गेल्यावर. सुमतीवहिनी म्हणजे गोगट्यांच्या पत्नी. त्या होत्या तोवर क्लबाचा चौकीदार टेप धरायचा आणि वहिनी फळ्यापाशी घडीची खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. अंगावर शाल, मांडीवर वही, पायाशी चहाचा थर्मास. आमच्या बायका म्हणायच्या, बिचारीला रविवारी पण सुटका नाही. मला वाटायचं, ऊन खायला येत असतील. मग एका पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. गोगट्यांनी तेराव्याला सगळ्यांना वाढलं, चौदाव्या दिवशी कामावर गेले. त्या हिवाळ्यात पहिल्यांदा ते माझ्या दारात येऊन "हवा स्थिर आहे" म्हणाले. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

आता सरोजचं सांगतो. सरोज तिवारी टाउनशिपच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. चेहरा कमी लोकांनी पाहिलेला, आवाज सगळ्यांना ठाऊक. सहा वर्षं ती रोजंदारीवर होती आणि त्या सहा वर्षांत क्लबात येऊन ती अशी नेमबाज झाली होती, की सुरक्षा खात्याचे मिशीवाले तिच्या शेजारच्या जागेवर उभे राहायला कचरत. राज्याच्या संघात निवड झाली तर स्पोर्ट्स कोट्यातून ती पर्मनंट होणार होती. न झाली तर मार्चमध्ये रोजंदारीची सगळी यादीच बंद होणार, असं वरून आलं होतं. निवड चाचणी दुर्बिणीच्या गटात होती, वेगवेगळ्या अंतरांवर. दुर्बीण तिच्या फौजी मामाने भिंडहून पाठवलेली. वयाची अट पाहता ही तिची शेवटचीच चाचणी.

चाचणीच्या आधीच्या रविवारी आम्ही तिची दुर्बीण तपासली. ती ओट्याशेजारी हाताची घडी घालून उभी होती. शंभर टक. शिट्टी वाजली. मी वाचलं, "एकोणपन्नास."

"पुन्हा."

शंभर टक उलट. फुली नेमकी खालच्या रेघेवर परत आली. पुन्हा शंभर टक वर. एकोणपन्नास.

तीन वेळा केलं. तिन्ही वेळा एकोणपन्नास. गोगट्यांची सूट तीन मिलीमीटरची होती, हा तर अख्खा सेंटीमीटर होता. त्यांनी तिथेच, शिकंज्यावर कागद ठेवून, लाल चिठ्ठी लिहिली. लिहिताना चेहरा पाडला होता, पण लिहिली.

"सर," सरोज म्हणाली, "मामाजी तो कहते थे एकदम सही चलती है."

"मामाजी ने नापा था क्या?"

"नहीं सर."

"फिर?"

सरोजने दुर्बीण मऊ फडक्यात गुंडाळली, लाल चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि सायकलवर बसून गेली. तिने वाद घातला नाही, रडली नाही. गोगट्यांच्या लाल चिठ्ठीवर अपील नसतं, हे तिलाही माहीत होतं. सोमवारी मी एक्स्चेंजमधून नंबर मागितला, तर आवाज तिचाच होता, फक्त त्यात "नमस्ते सामंत सर" नव्हतं.

आता या गोष्टीत मी शहाणपणा केला असं समजू नका. मी फक्त क्लबाच्या वार्षिक अहवालासाठी वही मागून आणली होती. अक्षर बरं म्हणून तक्ते करायचं काम आपोआप माझ्याकडे येतं. मंगळवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वही उघडून मी दुर्बिणींचे निकाल उतरवत बसलो. गेल्या दोन हिवाळ्यांत तीन दुर्बिणी तपासल्या होत्या. ठाकूरसाहेबांची, एकोणपन्नास. गोविंदपुऱ्यातल्या सरदारजींची, एकोणपन्नास. सरोजची, एकोणपन्नास. तिन्ही लाल.

मी नीलाला म्हटलं, "गंमत बघ. तीन वेगवेगळ्या कारखान्यांच्या दुर्बिणी, आणि तिघी नेमक्या तेवढ्याच चुकतात."

नीला भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तीन शिंपी वेगवेगळे आणि तिघांची पँट सारखीच आखूड, तर टेप बघावी."

बायको हुशार असली की माणसाला आणखीनच थकायला होतं. मी वहीची मागची पानं चाळली. मागे पन्नास होते, एकोणपन्नास पूर्णांक नऊ दशांश होते, एक-दोन खरोखरच्या नापास दुर्बिणी होत्या. आकडे सगळे गोगट्यांच्या उभ्या, तुरुंगाच्या गजांसारख्या अक्षरात. पण त्या जुन्या प्रत्येक पानावर, वरच्या कोपऱ्यात, वेगळ्या अक्षरात एक ओळ होती. बारीक, गोल, शिसपेन्सिलीने लिहिलेली. "खुंटी ५१ वर. वजा १. अंतर ५०." दर पानावर हेच. वीसेक वर्षांची पानं. आणि ज्या पावसाळ्यात वहिनी गेल्या, त्याच्यानंतरच्या तीन पानांवर तो कोपरा कोरा होता.

तो एक वजा करायचं काम वहिनींचं होतं. गोगटे टेप ताणत, उन्हाचा हिशेब करत, खुंटी धरत. आणि खुर्चीतून त्या सांगत, एक्कावन्न. इतकी वर्षं त्या सांगत आल्या, की हे आपल्याला कोणीतरी सांगतं हेच गोगटे विसरून गेले होते. त्या गेल्यावर ते सरळ पन्नासवर खुंटी ठोकायला लागले. मी तिकडे इमानाने एक धरून बसलेला. म्हणजे फळा उभा होता एकोणपन्नास मीटरवर, आणि फुली बिचारी अगदी बरोबर एकोणपन्नास सेंटीमीटर सरकत होती. दुर्बिणी तिन्ही चोख होत्या. टेप उन्हाने चार मिलीमीटर वाढते म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्या माणसाच्या हातून अख्खा मीटर निसटला होता.

हे त्यांना सांगायचं कोणी? मी बुधवारी नाही सांगितलं. डोकं दुखत होतं. गुरुवारी म्हटलं, ओव्हरटाइम आहे. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. ते रागावतील याची नाही. गोगट्यांच्या आयुष्यात आता ती लाल-हिरवी चिठ्ठी सोडली तर दुसरं काही उरलेलं मला दिसत नव्हतं, आणि तीच मी जाऊन खोटी ठरवायची.

गुरुवारी रात्रीचं जेवण वाढताना नीला म्हणाली, "रविवारी त्या मुलीची चाचणी आहे. तुम्ही वर जाणार नसाल तर मी जाते."

मी हात धुऊन वर गेलो.

गोगटे बनियनवर बसून एकट्यापुरत्या दोन पोळ्या खात होते. मी वही उघडून एक जुनं पान आणि एक नवं पान समोर ठेवलं. त्यांनी दोन्ही पानं पाहिली. चष्मा पुसला, परत पाहिली. मग ते त्या पेन्सिलीच्या ओळीवरून बोट फिरवत राहिले, इतका वेळ, की ताटातली आमटी गार होऊन वर साय धरल्यासारखी झाली.

"मला वाटायचं, मी मोजतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मोजत तुम्हीच होता हो."

"नाही, सामंत. मी टेप ओढत होतो. मोजत ती होती." आणि मग, अगदी हळू, "मी तिला कधी म्हटलंही नाही. रोजचंच होतं ना."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मग त्यांनी ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "किती जणांना मी लाल दिली?"

"तीन."

"शनिवारी सकाळी सरोजला बोलाव. बाकीच्या दोघांकडे आपण जाऊ."

शनिवारी आम्ही दोघांनीही रजा टाकली. हवा फारशी स्थिर नव्हती, तरी गेलो. मी खिळ्यावर एक दाबला. गोगटे टेप घेऊन गेले आणि टोकाला जाऊन नुसते उभे राहिले. खुंटी हातात, हातोडी हातात, आणि ठोकत नाहीत. मला वाटलं, काही अडलं. मग लक्षात आलं, ते थांबलेत. मी ओट्यावरून ओरडलो, "एक्कावन्न!" त्यांनी मान हलवली आणि खुंटी ठोकली.

शंभर टक. पन्नास.

गोगट्यांनी हिरवी चिठ्ठी लिहिली आणि तिच्याखाली आणखी एक ओळ: आधीची चिठ्ठी रद्द, चूक तपासणाऱ्याची. खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा. एकतीस वर्षांच्या नोकरीत अशी ओळ त्यांनी लिहिली नव्हती. सरोज म्हणाली, "कोई बात नहीं, सर. हो जाता है."

"नहीं होता है," गोगटे म्हणाले. "नहीं होना चाहिए था. पूरा हफ्ता तुम्हारा प्रॅक्टिस गया. मेरे कारण."

तिने ती चिठ्ठी घेतली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. गोगटे एवढे गोंधळले की दोन पावलं मागे सरकले आणि टेपवर पाय पडला. सरोजचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो: संघात सगळ्यात शेवटच्या जागेवर आली, पण आली. पर्मनंट व्हायला आणखी अकरा महिने लागले, कारण फाइल शेवटी फाइलच असते.

दुपारी गोगट्यांच्या स्कूटरवरून आम्ही गोविंदपुऱ्यात गेलो. सरदारजींचं तिथे लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप. लाल चिठ्ठी मिळाल्यावर त्यांनी दुर्बीण रायफलीवरून काढून गच्चीवरच्या स्टँडला बसवली होती आणि घरची मंडळी तिच्यातून चंद्र बघत. गोगट्यांनी मशीनच्या आवाजात, सगळ्या कामगारांसमोर, हात जोडून चूक सांगितली. सरदारजींना पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. गोगट्यांनी पुन्हा, जास्त मोठ्याने सांगितली. सरदारजी म्हणाले, "ओ गोगटे साब, छड्डो जी! चाँद तो ठीक दिखता है!" आम्हाला लस्सी पाजून, दुर्बीण परत रायफलीवर चढवायचं वचन देऊन त्यांनी निरोप दिला.

संध्याकाळी कोटरा सुल्तानाबादला. ठाकूरसाहेब आमच्याकडचे जुने सुरक्षा अधिकारी. मागच्या हिवाळ्यात त्यांनी दुर्बीण तपासायला चौकीदाराकडून क्लबात पाठवली होती, ती तशीच चिठ्ठीसकट परत गेली होती. नोकरी सुटल्यापासून ते टाउनशिपकडे फिरकलेच नव्हते. त्यांनी माळ्यावरून दुर्बीण काढून आणली, धूळ पुसली आणि गोगट्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग खो खो हसले. "अरे भाई, आपने लाल कह दिया तो हमने लाल मान लिया. अब हरा कहते हो तो हरा." त्यांनी गोगट्यांच्या पाठीवर थाप मारली, बाहेर सोडायला फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "भाभीजी को नमस्ते कहना. कैसी हैं?"

त्यांना कोणी कळवलंच नव्हतं.

गोगटे म्हणाले, "ठीक हैं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाने जनरल मॅनेजरांना सोडलं नव्हतं, गुरुजींना सोडलं नव्हतं. ठाकूरसाहेब हात हलवून आत गेले. गोगटे स्कूटरपाशी आले, किल्ली लावली, आणि किक न मारता तसेच उभे राहिले.

"चुकीचं सांगितलं मी," ते म्हणाले.

"राहू दे हो."

"कोणी विचारलंच नव्हतं बरेच दिवसांत. कैसी हैं म्हणून." त्यांनी गळ्यातला मफलर उगाच सोडून पुन्हा बांधला. "मला खरं सांगवेना, सामंत. किती दिवस झाले तेसुद्धा सांगता येणार नाही. मी मोजलेच नाहीत."

समोरच्या घरांतून दिवे लागत होते. त्या क्षणी मला काय वाटलं ते स्पष्टच लिहितो. या माणसाला आज त्या वरच्या मजल्यावर, दोन पोळ्यांसमोर नेऊन सोडायचं मला होईना. मी म्हटलं, "गोगटेसाहेब, आज आमच्याकडेच जेवा. नीलाने भरली वांगी केली आहेत."

मला वाटलं होतं, ते म्हणतील कशाला, वहिनींना त्रास, पुन्हा कधीतरी. तसं काही ते म्हणाले नाहीत. मी वाक्य पुरतं संपवायच्या आत ते "येतो" म्हणाले, इतक्या घाईने, की मला माझीच लाज वाटली. सुमतीवहिनी गेल्यावर आम्ही दोन-चारदा वर डबा पाठवला होता. एकाच जिन्याने रोज चढउतार करत होतो. पण या इतक्या दिवसांत त्यांना आम्ही एकदाही जेवायला बोलावलं नव्हतं.